रस्ता नसलेली वारी

"चपला पिशवीत टाक, आता त्या संध्याकाळीच," ताई म्हणाली आणि ज्नेच्या किनाऱ्यावर आम्ही अनवाणी झालो. समोर धुरकट निळा डोंगर दिसत होता, मों सें मिशेल, भरतीच्या पाण्यातल्या खडकावरचा जुना ख्रिस्ती मठ. अंतर जेमतेम सात किलोमीटर. मधे ना झाड, ना विसाव्याची जागा.

जुलै होता. तिकडे देहू-आळंदीच्या पालख्या निघालेल्या, आणि मी ताईकडे फ्रान्सला. यंदा वारी चुकली म्हणून मी कुरकुरत होतो, तेव्हा तिने ही वाट सुचवली.

ज्ने हे नॉर्मंडीतलं चिमुकलं गाव. करड्या दगडाची घरं आणि १२व्या शतकातलं भक्कम चर्च. एकेकाळी हे गाव मठाच्या जहागिरीत होतं. यात्रेकरू इथे थांबायचे, ओहोटीची वाट पाहायचे आणि मग वाळूत उतरायचे. त्यांना मिकलो म्हणत, देवदूत मिशेलचे वारकरी म्हणा ना. १४५७-५८ मध्ये तर जर्मन मुलखातून हजारो लहान मुलं चालत आली होती. कशासाठी, हे तेव्हाच्या मोठ्यांनाही नीट उमगलं नव्हतं. 'मोंला जायचं तर आधी मृत्युपत्र कर,' अशी म्हणच आहे तिथे.

म्हण उगाच नाही. भरती-ओहोटीतला फरक इथे चौदा-पंधरा मीटरपर्यंत जातो. पाणी घोडदौडीने येतं म्हणतात. खरं तर ते माणसाच्या झपझप चालीइतकंच येतं, पण मागून वेढा घालतं. म्हणून वाटाड्याशिवाय उतरायचं नाही. रोज दोनदा समुद्र सगळं पुसून जातो, नद्यांचे प्रवाह जागा बदलतात, त्यामुळे कालची वाट आज नसते. दिंडीत रस्ता कधी शोधावा लागत नाही, पुढच्याची टाच दिसली की पुरे. इथे आमचा वाटाड्या काठी टोचत, थांबत, पुन्हा वळसा घेत होता.

पायाखाली करडा, लोण्यासारखा चिखल. याला तांग म्हणतात. पूर्वी शेतकरी तो गाड्या भरभरून शेतात खत म्हणून नेत. एके ठिकाणी वाटाड्याने आम्हाला जागच्या जागी पाय आपटायला लावले. जमीन खव्यासारखी थुलथुलायला लागली आणि बघता बघता मी पोटऱ्यांपर्यंत आत! हिसका द्यायचा नाही, पाय हळूहळू हलवत सोडवायचा. माझा सुटला, ताईचा सुटेना, तेव्हा शेजारच्या फ्रेंच आजोबांनी हात दिला. ताईच्या तोंडून पटकन 'माऊली' निघालं. आजोबांनी मान डोलावली. काय समजले कोण जाणे.

वाटेतला तोंबलेनचा खडक ओलांडला. तिथे आता समुद्रपक्ष्यांचं राज्य आहे. पुढे नदीचं पाणी मांडीपर्यंत, जुलैतही हाडं गोठवणारं. टाळ नाही, अभंग नाही. आमच्यातले निम्मे तर देव न मानणारे असावेत, तरी पाण्यात सगळ्यांनी आपसूक हात धरले. धुकं उतरलं की पूर्वी मठातून घंटा वाजवत, वाळूत चुकलेल्यांसाठी. त्या दिवशी आभाळ लख्ख होतं.

मों जवळ येता येता ताईने त्याची कथा सांगितली. ७०८ साली आव्रांशच्या ओबेर नावाच्या बिशपाला स्वप्नात देवदूत म्हणाला, खडकावर माझं देऊळ बांध. ओबेरने दोनदा मनावर घेतलं नाही. तिसऱ्यांदा देवदूताने त्याच्या डोक्यात बोट खुपसलं. भोक पडलेली ती कवटी आव्रांशच्या चर्चमध्ये अजून ठेवलेली आहे. दृष्टान्त आपल्याकडेही होतात, पण इतका टोकदार नाही.

वर गर्दी अस्सल तीर्थक्षेत्राची. चिंचोळी गल्ली, दोन्हीकडे दुकानं. मध्ययुगात यात्रेकरू इथून शिशाचे बिल्ले आणि शिंपले घेऊन जात, आता चुंबकं. मठ पाहून खाली आलो तर फलकावर खाऱ्या कुरणातल्या मेंढीचं मटण, इथली खासियत. माळकरी ताईने फलक नीट वाचला, तटाच्या भिंतीशी बसली आणि पिशवीतून दशम्या काढल्या. तिच्या नखांत अजून तांग होता.