प्रवरेच्या उगमाशी दोन रात्री

मी संगमनेरची. आमच्या घराच्या नळाला प्रवरेचं पाणी येतं, लहानपणी पोहायला शिकले तेही प्रवरेतच. पण ही नदी निघते कुठून, ते बघायला वयाची तिशी उलटावी लागली. डिसेंबरात आम्ही चौघी मैत्रिणी तंबू घेऊन रतनगडाच्या पायथ्याला, रतनवाडीला गेलो.

शेंडीहून रस्ता भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेकडेनं जातो. हे धरण 1926 साली पुरं झालं, आणि त्यात साठतं ते रतनगडावरून उतरलेलं पाणी. म्हणजे रतनवाडीच्या ओढ्यात आपण जे सोडू, ते अकोले, संगमनेर करत पार नेवाशाजवळ गोदावरीला जाऊन मिळणार. हे एकदा डोक्यात बसलं, की ओढ्याच्या काठावर साबण काढायला हात धजत नाही.

तंबू कुठे टाकायचा यावर थोडी चर्चा झाली. ओढ्याकाठची हिरवळ सुंदर होती. पण हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर, आणि रात्री जनावरं पाण्यावर येतात. आपण त्यांची वाट अडवायची कशाला? शेवटी गावातल्या एका मावशींना विचारून त्यांच्या भातखाचरात जागा घेतली. कापणी झालेली, जमीन आधीच तुडवलेली. नवं गवत दबायचा प्रश्नच नाही. धसकटं पाठीला टोचत होती, म्हणून मावशींनी खाली अंथरायला पेंढा दिला. जागेचे पैसे त्या घेईनात, मग जेवण त्यांच्याकडेच सांगितलं. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. त्यामुळे वेगळी शेकोटी नाही, लाकूडतोड नाही. थंडी होतीच, पण त्यांच्या चुलीपुढे बसून शेकलो.

जेवणानंतर मी भांडी घासायला ओढ्याकडे निघाले, तर मावशींनी हटकलं, "अगं, तिकडं कुठं? राख घे चुलीतली." खळ्याच्या कडेला बसून नारळाच्या शेंडीनं आणि राखेनं तवा घासला. पिठल्याची खरवड आधी बोटानं काढून कुत्र्याला घातली, मग राख, मग जेमतेम दोन तांबे पाणी. ते पाणी वाफ्यातल्या मिरच्यांना गेलं. तवा लखलखीत.

आता जरा उघड बोलते, कारण याबद्दल कोणी लिहीत नाही. शौचाला आम्ही ओढ्यापासून चांगली शंभर पावलं लांब जायचो, खुरप्यानं वीतभर खोल खड्डा करायचो आणि नंतर तीच माती वर ओढायचो. कागद आणि सॅनिटरी पॅड मात्र पुरायचं नाही. जनावरं उकरतात आणि प्लास्टिक मातीत तसंच राहतं. त्यासाठी घट्ट झाकणाचा एक डबा होता, तो घरापर्यंत परत आला. डब्यात थोडा सोडा टाकला की वास येत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी या एका अडचणीपायी मुक्कामाला येत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अमृतेश्वराचं दर्शन घेऊन गड चढलो. लोखंडी शिड्या, गणेश दरवाजा, आणि माथ्यावर ते नेढं. कातळाच्या त्या आरपार भोकात बसलं की वारा अंगातून गेल्यासारखा वाटतो. तिथेच एका मैत्रिणीनं संत्र्याची सालं खाली टाकली. "कुजतातच की गं," म्हणाली. कुजतात, पण लवकर नाही. तोवर पुढच्याला तिथे उकिरडाच दिसतो आणि माकडांना माणसांच्या खाण्याची चटक लागते ती वेगळी. तिला वाईट वाटलं, मलाही बोलल्याचं वाईट वाटलं, पण सालं आम्ही दोघींनी मिळून वेचली. उतरताना गुहेजवळच्या आणि वाटेवरच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या. अकरा निघाल्या, आणि वेफर्सची पाकिटं मोजलीच नाहीत. इतक्या उंचावर भरलेली बाटली नेणाऱ्याला रिकामी का जड होते, याचं मला खरंच दुःख होतं.

निघताना ओढ्याच्या वरच्या अंगाला, स्वच्छ धारेखाली, एक स्टीलची बाटली भरून घेतली. घरी आल्यावर आईला म्हटलं, "प्रवरा आहे, रतनगडावरची." आमच्याकडे तिला अमृतवाहिनी म्हणतात. आईनं बाटली उजेडात धरून पाणी नीट पाहिलं, गडूत ओतलं आणि देवघरात ठेवलं.