तुम्ही विचारलंत म्हणून: डाएटला मी नक्की काय खाते

लिफ्टमध्ये विचारतात, हळदीकुंकवाला वाण हातात ठेवता ठेवता विचारतात. गेल्या महिन्यात एका दहाव्याला गेले होते, तिथेही एकींनी हळूच बाजूला घेऊन विचारलं, "डाएटला तुम्ही नक्की काय खाता हो?" मी "ताक, काकडी, मटकी" एवढं सांगून सुटका करून घेते आणि समोरचीला वाटतं, ही काहीतरी लपवतेय. लपवत नाही. उभ्या उभ्या सांगितलं की अर्धंच पोचतं, आणि जे अर्धं राहून जातं त्यापायी मी एकदा इस्पितळात पडले होते. म्हणून आज सगळं लिहिते. यादी उतरवून घेऊन थांबू नका, एवढीच विनंती आहे.

आधी वजनाचं सांगते. 84 किलोवरून दोन वर्षांत 67 वर आले. आज 71 आहे. उंची पाच फूट दोन इंच. आपल्या लोकांसाठी डॉक्टर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 23 च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात, माझा अजून 28 च्या वर आहे. तेव्हा "किती बारीक झालात" म्हणणारेही खरे आणि "परत सुटायला लागली" म्हणणारेही खरे. मी कुणाला उपदेश करण्याच्या जागेवर नाही. पण तेरा किलो अजून परत आलेले नाहीत, आणि ते उपाशी राहून गेलेले नाहीत.

ताकापासून सुरू करते. 100 ग्रॅम दह्यात साठ-पासष्ट कॅलरी, आणि त्याचं तीन पेले ताक होतं. जिरेपूड, आल्याचा कीस, चिमूटभर हिंग, कोथिंबीर. ऑफिसातून घरी आल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचा वेळ माझा सगळ्यात वाईट. दिवसभर सांभाळलेलं सगळं त्या दीड तासात जायचं. दारातून आत आल्या आल्या, पर्ससुद्धा खाली ठेवायच्या आधी, एक मोठा पेला ताक प्यायचं, हा नियम केला आणि भडंगाच्या डब्याकडे जाणारा हात निम्म्या वेळा तरी थांबला. सांगलीत राहून भडंग सोडणं काय असतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही. चुरमुऱ्यांचा तसा दोष नसतो. 25 ग्रॅम चुरमुऱ्यांनी मोठा वाडगा भरतो आणि कॅलरी शंभराच्या आसपास. भडंगात वाढवतं ते तेल आणि शेंगदाणे. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजेच जवळजवळ 120 कॅलरी. आता मी कोरडे चुरमुरे कांदा, टोमॅटो, काकडी, लिंबू घालून खाते. मात्र नुसत्या चुरमुऱ्यांवर तासाभरात परत भूक लागते, म्हणून त्यात मूठभर वाफवलेली मटकी हवीच.

मटकीचा मला खरा आधार आहे. 30 ग्रॅम कोरड्या मटकीत शंभराच्या आसपास कॅलरी आणि सातेक ग्रॅम प्रथिनं. मोड आले की तीच वाडगाभर दिसते. मोड आणल्याने कॅलरी उडून जातात असं कुणी सांगितलं तर मानू नका, ती पाणी पिऊन फुगते एवढंच. पण ताटात भरपूर दिसणं आणि भरपूर चावावं लागणं, हेच तर मला हवं होतं. एक लहान चमचा तेल, कांदा-लसूण मसाला, वरून दोन आमसुलं. उसळ पातळ ठेवायची आणि रस्सा वाटीने प्यायचा.

भाकरीबद्दल एक गैरसमज मी स्वतः वर्षभर बाळगला होता. ज्वारीच्या पिठात आणि गव्हाच्या पिठात कॅलरीचा फारसा फरक नाही. भाकरीला तेल लागत नाही आणि माझं एका भाकरीत भागतं, पोळ्या मात्र तीन कधी झाल्या ते कळत नाही. भाकरीचा फायदा माझ्यापुरता इतकाच.

आणि भाज्या. पडवळाच्या चकत्या मीठ लावून पिळून दह्यात. दोडक्याच्या शिरा फेकून न देता, चमचाभर तेलात कुरकुरीत परतून तीळ आणि हिरव्या मिरचीबरोबर चटणी. ताकातला चाकवत, बेसन फक्त ताक फुटू नये इतकंच. टोमॅटोचं सार नारळाशिवाय. आणि खमंग काकडी, जिच्यावर माझा फार जीव आहे. काकडी किसायची नाही, हातात धरून विळीवर नाहीतर सुरीने चोचवायची. कूट एकच चमचा, लिंबू, अगदी कणभर साखर, जिरं-मिरचीची फोडणी, आणि मीठ पानावर बसल्यावर. आधी घातलं की पाणी सुटतं आणि सगळी चव त्या पाण्यात जाते. 100 ग्रॅम काकडीत पंधरा-सोळा कॅलरी असतात, बाकी बहुतेक पाणीच. ताटाचा अर्धा भाग अशा गोष्टींनी भरला की उरलेल्या अर्ध्यात भाताची मूद बसते, वरणही बसतं, आणि आपण कुणी आजारी माणूस आहोत असं वाटत नाही.

उपवास मी बंद केले. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, 100 ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी, त्यावर कूट आणि तूप. एकादशी दुप्पट खाशी हे म्हणणाऱ्यांनी उगाच म्हटलेलं नाही. सासूबाईंना ते लागलं. अजूनही लागतं.

आता दुधीचं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणी विचारता, "दुधीचा रस घेता का?" आणि मी विषय बदलते. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत माझं वजन 76 वर येऊन अडकलं होतं. सहा आठवडे काटा हलेना. तेव्हा माझी एक वही होती, तोंडात गेलेला प्रत्येक घास तिच्यात लिहिलेला असायचा. मोबाइलवर वजन उतरवायचा एक ग्रुप होता, पैसे भरून घेतलेला. तिथे सांगितलं, रोज सकाळी अनशापोटी पेलाभर दुधीचा रस, सोबत आवळा आणि पुदिना. दुधीत 100 ग्रॅमला पंधराच्या आसपास कॅलरी. वहीत लिहायला इतका लहान आकडा दुसरा नव्हता. नऊ दिवस प्यायले.

दहाव्या दिवशी मंगळवार होता. सव्वासहाला मिक्सर लावला. पहिला घोट घेतला आणि घशापर्यंत कडूजहर. कारल्याचा कडूपणा जिभेच्या मागे राहतो, हा हिरड्यांना, टाळूला, सगळीकडे चिकटला. अंगावर काटा आला. मी पेला खाली ठेवला. ह्यांनी उचलून एक थेंब चाखला, तिथेच सिंकमध्ये थुंकले आणि म्हणाले, "अगं, कडू आहे हा. ओतून टाक." मी त्यांच्या हातातून पेला काढून घेतला. मीच म्हणाले, "माझं चांगलं व्हायला लागलं की तुम्हाला बघवत नाही." आणि डोळे मिटून सगळा प्यायले. पाणी पिऊन परत लिंबू चोखलं.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं ते मला स्वच्छ आठवतं. कडू म्हणजे औषधी. आणि जीभ नको म्हणतेय म्हणजे प्यायलाच हवं. लहानपणापासून ऐकत आले होते, जिभेवर ताबा नाही हिचा. आईने म्हटलं, सासरी म्हटलं, ग्रुपवर रोज सकाळी तेच असायचं. तेव्हा जीभ ही माझी वैरीण होती आणि त्या दिवशी मी तिच्यावर जिंकले होते.

अर्ध्या तासात पोटात पिळवटायला लागलं. मग उलट्या, मग जुलाब, मग दोन्ही एकदम. बाथरूमच्या फरशीवर बसून, भिंतीला डोकं टेकून, मी काय विचार करत होते सांगू? निदान काटा तरी हलेल. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. ग्रुपवर एक ओळ टाकली, "उलट्या होतायत." उत्तर आलं, "घाबरू नका, शरीरातलं विष बाहेर पडतंय." मला ते पटलंसुद्धा. आणखी पाऊण तास मी दार उघडलं नाही. मग उलटीत चहाच्या चोथ्यासारखं काळपट काहीतरी आलं, त्यानंतर लाल, आणि मी ह्यांना हाक मारली. ती हाक नीट निघाली नाही, असं ते सांगतात. दाराची कडी बाहेरून धक्का मारून तोडली.

इस्पितळात रक्तदाब वरचा 80 निघाला. दोन सलाइन एकदम लावली. दुर्बीण घालून पाहिलं तर जठराच्या अस्तरातून ठिकठिकाणी रक्त पाझरत होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, "रस कडू लागला होता का?" मी मान हलवली. त्यांनी समजावून सांगितलं: दुधी, काकडी, दोडका या सगळ्या कुळात कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं, वेल ते स्वतःच्या बचावासाठी तयार करते. एरवी ते नगण्य असतं, पण एखाद्या फळात फार वाढतं आणि बाहेरून काही कळत नाही. त्यावर उतारा नाही. सलाइन, जठराची औषधं आणि वाट पाहणं. 2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञांचा असाच रस पिऊन मृत्यू झाला होता, त्यानंतर आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, समिती नेमली. तिने सांगितलेलं अगदी साधं आहे: रस काढण्याआधी लहान तुकडा चाखा, कडू असेल तर दुधी फेकून द्या, त्यात दुसरा रस मिसळू नका, आणि प्यायल्यावर त्रास झाला तर ताबडतोब इस्पितळ गाठा. मी चारही गोष्टी उलट्या केल्या होत्या.

चौथ्या दिवशी घरी सोडताना वजन केलं. 73.8. मी हसले. ह्यांनी ते पाहिलं आणि काही न बोलता बिलाच्या खिडकीकडे गेले. गाडीतही बोलले नाहीत. तेरा किलोंबद्दल कुणी कौतुक केलं की मला तो त्यांचा चेहरा दिसतो.

घरी आल्यावर सासूबाईंनी एकच विचारलं. "चिरताना चाखला नव्हतास?" त्या विळीवर बसून दुधी, काकडी, दोडका काहीही चिरोत, पहिली चकती जिभेला लावल्याशिवाय दुसरी काढत नाहीत. पंचवीस वर्षं मी ते बघत होते आणि जुनी खोड समजत होते.

वही मी फाडली, मग दोन महिन्यांनी नवी आणली. इथे मी माझ्याशीच भांडते. वही वाईट नव्हती. तेलाचा चमचा मी वहीमुळेच मोजायला शिकले, साबुदाणा तिनेच दाखवला, वर लिहिलेले सगळे आकडे तिच्यातलेच आहेत. मग चुकलं कुठे? कधी वाटतं, आकड्याचं मी ऐकलं आणि जिभेचं नाही, तिथे. कधी वाटतं, हे सोयीचं उत्तर आहे, कारण रात्री अकराला फ्रीजसमोर उभी असते तेव्हा तीच जीभ मला फसवते आणि 67 चे 71 होतात. दोन्ही खरं आहे. दोन्ही एकत्र कसं धरायचं ते मला अजून जमलेलं नाही. एवढं मात्र केलं आहे की जे खाताना तोंड वाकडं होतं ते मी कॅलरी कमी म्हणून पानात घेत नाही. उकडलेला कोबी नाही, बिनमिठाचं सूप नाही. कुणी म्हणालं, "सवय होते," तर मी मुकाट ऐकते.

म्हणून तुम्ही यादी मागता तेव्हा मला धास्ती वाटते. काकडी सांगितली तर उद्या तुम्ही नुसती काकडीच खाल, अशी. मी खाल्ली असती.

परवा सासूबाईंनी बाजारातून दुधी आणवला. तीन वर्षांत पहिल्यांदा. विळीवर बसल्या, पहिली चकती काढली आणि या वेळी स्वतःच्या तोंडात न घालता माझ्यापुढे धरली. "तू बघ." मी जिभेला लावली. पाणचट, किंचित गोड. मूगडाळ घालून भाजी केली, लसणाची फोडणी दिली, सगळ्यांनी जेवताना चांगली झाल्याचं सांगितलं. मी वाढून घेतली होती. दोन घास खाल्ले आणि वाटी ह्यांच्या पानाकडे सरकवली. त्यांनी ती संपवली.