स्पीड टेस्ट झकास, मग गेम का अडकतोय?

ऑनलाइन मॅच हरलो की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, लॅग होता रे, म्हणजे नेटमुळे गेम उशिरा चालत होता. कधी खरंच असतो, कधी आपणच माती खाल्लेली असते, ते सोडा. पण लॅग खरा असला तरी त्याच्यावर सगळे जे एकच औषध सांगतात ना, मोठा प्लॅन घे, शंभर एमबीपीएसचा आहे तर तीनशेचा घे, त्याने माझं डोकं फिरतं. तीनशेचा घेऊनही तसाच अडकणारा गेम मी बघितलाय. कारण गेमला खेळताना स्पीड फार लागतच नाही. तुम्ही कुठे उभे आहात, कुठे बघताय, कुठलं बटण दाबलंत, एवढीच माहिती जाते-येते, त्याला एक-दोन एमबीपीएस म्हणजे डोक्यावरून पाणी. स्पीड लागतो तो शंभर जीबीचा अपडेट उतरवताना. खेळताना महत्त्वाचं असतं ते वेळेवर पोचणं, आणि ते कुठे अडतंय हे शोधल्याशिवाय पैसे घालवण्यात काही अर्थ नाही.

आधी अंतराचं बघू, कारण तिथे कोणाचंच काही चालत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १००० किलोमीटरला ५ मिलिसेकंद, जाऊन-येऊन १०. सर्व्हर ६००० किलोमीटर लांब असेल तर ६० मिलिसेकंद पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, ही फिजिक्सनेच ठरवलेली कमीतकमी किंमत झाली, आणि केबल काय सरळ रेषेत टाकलेली नसते, शिवाय मध्ये राउटरं असतात, त्यामुळे खरा आकडा त्याच्या वरच येणार. एक जीबीपीएसचं कनेक्शन घेतलं तरी हे ६० काही ४० होत नाहीत. म्हणून गेममध्ये सर्व्हर रीजन निवडायची सोय असेल तर ते सगळ्यात आधी बघायचं, बरेच जण ते ऑटोवर सोडतात आणि कधीतरी दोस्ताच्या पार्टीत शिरल्यावर भलत्याच रीजनमध्ये जाऊन पडतात.

पण नुसता पिंगचा आकडा बघून पण काही कळत नाही. पिंग ७० आहे आणि ७०च राहतोय, तर हात आठवडाभरात सरावतो, काही त्रास नाही. पिंग ३० आहे आणि मध्येच १८० वर उडी मारून परत येतोय, हे मात्र भयंकर, याला जिटर म्हणतात आणि खेळताना जो वैताग येतो तो बहुतेक याचाच असतो. तिसरी भानगड पॅकेट लॉस, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे (पॅकेट) वाटेत हरवणं. बहुतेक अ‍ॅक्शन गेम यूडीपी नावाची पद्धत वापरतात, म्हणजे पॅकेट वाटेत हरवलं तर ते परत मागवत बसत नाहीत, कारण तुम्ही पाव सेकंदापूर्वी कुठे होता या बातमीला आता किंमत नाही. एखाद-दुसरं हरवलं तर गेम अंदाजाने भरून काढतो, जास्त हरवायला लागले की समोरचा माणूस इथून तिथे टेलिपोर्ट होतो, नाहीतर तुम्हीच रबर ताणून सोडल्यासारखे मागे खेचले जाता.

आता शोधायचं कसं? कन्सोलवर फार हत्यारं नसतात. एक्सबॉक्सच्या नेटवर्क टेस्टमध्ये पॅकेट लॉस आणि लेटन्सी (म्हणजे पिंगच) दाखवतात, पण तो त्या क्षणाचा फोटो झाला. मी काय करतो, लॅपटॉप उचलून कन्सोलच्या शेजारी ठेवतो, त्याच वायफायवर, आणि आधी घरातल्या राउटरलाच सतत पिंग लावतो, म्हणजे ping कमांडने पुन्हा पुन्हा विचारतो (राउटरचा पत्ता बहुतेक घरात १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो). तिथे २, ३, २, २ असं येत असेल तर वायफाय ठीक. तिथेच ४, ३८, ५, ११०, ६ असं नाचत असेल तर गेम कंपनीच्या नावाने बोंब मारायची गरज नाही, चोर घरातच आहे. इंटरनेट अजून सुरूच झालेलं नाही आणि तुमचे शंभर मिलिसेकंद आधीच गेले.

वायफायची मूळ अडचण अशी की एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, आणि यात शेजारच्यांचे राउटर पण आले. २.४ गिगाहर्ट्झला एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच, त्यात अख्खी बिल्डिंग बसलेली, वरून मायक्रोवेव्ह ओव्हन पण त्याच फ्रिक्वेन्सीच्या आसपास चालतो. २०१३चा पहिला पीएस ४ तर फक्त २.४वरच चालायचा, ५ गिगाहर्ट्झ स्लिम आणि प्रोपासून आलं, म्हणजे जुना पीएस ४ वायफायवर रडत असेल तर त्याला दोष देऊ नका. आणि कन्सोल ठेवतो कुठे आपण? टीव्हीच्या मागे, कपाटाच्या कोपऱ्यात कोंबून, आजूबाजूला वायरींचं जंगल. सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसतात म्हणून लोक खूश असतात, पण दांड्या फक्त आवाज मोठा येतोय का ते सांगतात, किती वेळा तेच परत बोलावं लागतंय ते सांगत नाहीत.

यावर केबल. बस. साधी कॅट ५ई लॅन केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते, त्याच्या वरची सोनेरी टोकाची गेमिंग केबल वगैरे निव्वळ चोचले. निन्टेंडोच्या जुन्या स्विच कन्सोलच्या डॉकला लॅन पोर्टच नव्हतं, त्याला यूएसबीचा लॅन अ‍ॅडाप्टर लावावा लागतो, २०२१च्या ओलेड मॉडेलपासून डॉकला पोर्ट दिलं. केबल ओढणं शक्यच नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्झवर या आणि राउटर नि कन्सोलमध्ये भिंती कमी करा.

केबल टाकली, राउटरचा पिंग एकदम १ मिलिसेकंद, तरीसुद्धा रात्री ठरावीक वेळी गेमचा बोऱ्या वाजतो, असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी खरी गोष्ट आता येते. घरात कोणीतरी फोन चार्जिंगला लावला, फोनने दिवसभराचे फोटो-व्हिडिओ बॅकअपला टाकायला सुरुवात केली, आणि तुमचा पिंग २५ वरून ३०० वर. फोन डाउनलोड करत नाहीये, अपलोड करतोय, आणि अपलोडकडे कोणाचंच लक्ष नसतं. बऱ्याच कनेक्शनला अपलोड डाउनलोडपेक्षा फार कमी असतो, तो एका फोनने भरून टाकता येतो. भरला की पुढची पॅकेटं राउटरच्या किंवा मोडेमच्या मेमरीत रांगेला लागतात. तुमच्या हातात एक फॉर्म आहे आणि खिडकीवर तुमच्यापुढे एकच माणूस, पण त्याच्याकडे तीनशे फॉर्म, तसं. तुमचं पॅकेट पिटुकलं, पण रांगेत ते शेवटीच. आणि गंमत बघा, पॅकेट हरवू नये म्हणून बनवणाऱ्यांनी या उपकरणांमध्ये भरपूर मेमरी घातली, त्यामुळे रांग वाढतच जाते, आणि पॅकेट टाकून दिलं जात नाही म्हणून फोनला कळतच नाही की आपण जरा दमाने घ्यायला पाहिजे. संगणक तज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या प्रकाराला बफरब्लोट नाव दिलं, तेव्हापासून यावर बरंच काम झालंय.

तपासायला सोपं आहे. कुठल्याही मोठ्या साइटला पिंग लावून ठेवा, आकडे बघा, मग फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावा आणि परत आकडे बघा. २० चे ३० झाले तर तुम्ही नशीबवान. २० चे ४०० झाले तर सापडलं दुखणं. आणि स्पीड टेस्टमध्ये हे सहसा नजरेत येत नाही कारण बऱ्याच स्पीड टेस्ट जो पिंग ठळक दाखवतात तो मोजलेला असतो लाइन रिकामी असताना, डाउनलोड सुरू व्हायच्या आधी.

उपाय राउटरमध्ये. सेटिंगमध्ये एसक्यूएम (रांग आवरणारी सोय) असं काही दिसलं, किंवा एफक्यू-कोडेल, केक अशी नावं दिसली, तर ते चालू करायचं आणि डाउनलोड-अपलोडचा आकडा आपल्या खऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवायचा. हे ऐकून लोकांच्या जिवावर येतं, पैसे भरलेला स्पीड स्वतःच्या हाताने कमी करायचा? हो, करायचा, कारण मग रांग कंपनीच्या मोडेमात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तुमचा राउटर छोट्या पॅकेटांना मधून वाट करून देतो. कंपनीने दिलेल्या फुकटच्या राउटरमध्ये हे बहुतेक नसतं. काही राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून मिळतं. तेही जमत नसेल तर बॅकअप पहाटेवर ढकला आणि कन्सोलचे अपडेट रेस्ट मोडमध्ये होऊ द्या. बॉक्सवर लाल अक्षरात गेमिंग राउटर लिहिलंय म्हणून घेऊ नका, आत हे आहे का ते बघून घ्या.

आमच्या इंटरनेट कंपनीला मी एकदा हे सगळं फोनवर समजावायला गेलो होतो. पलीकडून उत्तर आलं, सर, राउटर एकदा बंद करून चालू करा.

डीएनएस बदलून पिंग कमी होत नाही. डीएनएसचं काम नावावरून पत्ता शोधण्यापुरतं, मॅच सुरू झाल्यावर त्याचा संबंध संपला. नॅट टाइपचंही (राउटर बाहेरून येणाऱ्या कनेक्शनला किती वाट देतो, ते) तसंच, स्ट्रिक्ट किंवा टाइप ३ असेल तर लॉबीत घेत नाही, दोस्ताचा आवाज येत नाही, मॅच मिळायला वेळ लागतो, त्यासाठी राउटरमधलं यूपीएनपी (गेमला लागणारी वाट आपोआप उघडणारी सेटिंग) चालू करा, पण ओपन झालं म्हणून पिंग उतरेल ही आशा नको.

बरं, आता भिंतीमागे मरण्याचं. हा तर सगळ्यांचा जिव्हाळ्याचा विषय, पळत येऊन भिंतीआड शिरलो, आणि दोन पावलं आत गेल्यावर मेलो, आणि किलकॅममध्ये (मारणाऱ्याच्या नजरेतून दाखवलेल्या रीप्लेमध्ये) बघतो तर मी चक्क उघड्यावर उभा. चीटिंग? बहुतेक वेळा नाही. हिशोब करू. समजा तुमचा पिंग ४०, मारणाऱ्याचा १२०. तुम्ही उघड्यावर होता ही बातमी सर्व्हरला पोचायला २०, सर्व्हरकडून त्याच्याकडे ६०, त्याचा कन्सोल हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून मुद्दाम थोडं मागचं दाखवतो त्याचे धरा ५०. त्याने बघितलं आणि गोळी मारली, गोळीची बातमी सर्व्हरला जायला ६०. सर्व्हर काय करतो, घड्याळ मागे फिरवतो आणि बघतो की मारणाऱ्याच्या स्क्रीनवर तुम्ही तेव्हा कुठे होता. उघड्यावर होतात, गोळी लागली. ते तुम्हाला कळायला अजून २०. झाले २१० मिलिसेकंद, आणि यात सर्व्हरने स्वतः खाल्लेला वेळ धरलेलाच नाही. गेममधला माणूस सेकंदाला सहा-सात मीटर पळतो, म्हणजे तेवढ्यात तुम्ही सव्वा-दीड मीटर आत गेलेले असता. या पद्धतीला लॅग कॉम्पेन्सेशन म्हणतात, वाल्व या गेम कंपनीच्या यान बर्नियर यांनी २००१ मध्ये ते तपशिलात लिहून ठेवलंय. ते नसतं तर तुम्हाला समोर दिसणाऱ्या माणसाच्या पुढे हवेत गोळ्या माराव्या लागल्या असत्या, पिंगप्रमाणे अंदाज लावून, आणि ९०च्या दशकात लोक तसं खरंच खेळायचे. त्यामुळे भिंतीआड मेल्यावर शिव्या जरूर द्या, पण तुम्ही मारलेल्यांपैकी पण कितीतरी जण त्यांच्या स्क्रीनवर भिंतीआडच मेलेत.

त्यात सर्व्हर सेकंदाला किती वेळा जग अपडेट करतो तो टिकरेट पण मिळवा. एपेक्स लेजंड्स या शूटिंग गेमचे सर्व्हर २० वर चालतात हे बनवणाऱ्यांनी २०२१ मध्ये स्वतः सांगितलं होतं, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी एकदा. ते आपल्या हातात नाही.

फायटिंग गेमची कथा अजून वेगळी, कारण तिथे बहुतेक वेळा दोन कन्सोल थेट एकमेकांशी बोलतात आणि समोरच्याच्या वायफायने तुमचा गेम खराब होतो. आधी सगळे गेम थांबायचे, दुसऱ्याचं बटण येईपर्यंत दोघांनाही उशीर, पाण्यात हात हलवल्यासारखं वाटायचं. मग टोनी कॅनन यांनी जीजीपीओ नावाचं सॉफ्टवेअर बनवलं, त्यात गेम थांबत नाही, समोरचा बहुतेक आधीचंच बटण दाबून ठेवेल असं धरून पुढे जातो, चुकला तर दोन-चार फ्रेम मागे जाऊन परत मांडतो. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची, त्यामुळे तीन फ्रेमची दुरुस्ती डोळ्याला जेमतेम कळते. याला रोलबॅक म्हणतात, २०२१चा गिल्टी गिअर स्ट्राइव्ह आणि २०२३चा स्ट्रीट फायटर ६ दोन्हीत आहे. स्ट्रीट फायटर ६ तर समोरचा वायफायवर आहे की केबलवर ते चिन्हाने दाखवतो. मी वायफायवाल्याला सरळ नाही म्हणतो, माणूस चांगला असेल, पण नाही म्हणजे नाही.

आणि हे सगळं करूनही बटण दाबल्यावर माणूस उशिरा हलतोय असं वाटत असेल तर नेटची वायर काढा आणि ऑफलाइन ट्रेनिंग मोडमध्ये जाऊन बघा. तिथे पण तसंच जड वाटलं तर नेटचा काही संबंधच नाही, टीव्ही चित्र सुंदर करत बसलाय, त्यातच शंभर-शंभर मिलिसेकंद जाऊ शकतात. पिक्चर मोडमध्ये जाऊन गेम मोड लावा, मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा, आणि टीव्हीत एएलएलएम (ऑटो लो लेटन्सी मोड) असेल तर चालू ठेवा म्हणजे कन्सोल लावल्यावर तो आपोआप गेम मोडवर जातो. रंग जरा फिके दिसतील, पहिले दोन दिवस.