काकू, बांगड्यांना पट्टी लावू का?

क्विझ शोच्या सेटवर स्पर्धकांना कॉलर माइक लावायचा आणि मग हेडफोन चढवून त्यांचा प्रत्येक आवाज ऐकत बसायचं, हे माझं काम. बायकांना माइक लावायला बाई असलेली बरी म्हणून मला पहिल्यांदा बोलावलं, ते अजून चालूच आहे.

शर्ट-पँटवाल्याचं काम दोन मिनिटांत उरकतं. साडी असली की कसब लागतं. ट्रान्समीटर कमरेला मागे, परकराच्या नाडीत अडकवून. वायर ब्लाउजच्या आतून वर. माइक मंगळसूत्रापासून लांब, नाहीतर वाट्या आपटल्याचा आवाज सगळ्या एपिसोडभर. जरीचा पदर घासला तर कानात अशी खसखस होते की उत्तर ऐकूच येत नाही. आणि मग बांगड्या. विदर्भातून आलेल्या एका काकूंच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा होता. टेबलावर हात टेकला की छन्न! ‘काढता का?’ असं सवाष्णीला विचारायचं नसतं, एवढं मलाही कळतं. म्हटलं, “काकू, बांगड्यांना पट्टी लावू का? काढायच्या नाहीत, नुसत्या एकमेकींना चिकटवते.” त्यांनी हात पुढे केला. “लाव बाई. अन् माझं पोट गुडगुडून राह्यलं, ते बी तुले ऐकू येते का?”

येतं. छातीवरच्या माइकला पोटातलं सगळं ऐकू येतं. टेन्शनमुळे निम्मे लोक जेवतच नाहीत, डबे तसेच परत जातात.

मी काय काम करते हे कळलं की लग्नाकार्यात हमखास एक प्रश्न येतो: “सगळं आधी ठरलेलं असतं ना गं?” प्रश्न-उत्तरांपुरतं सांगायचं तर, नाही. सकाळीच मोबाइल जमा होतात. स्पर्धक बाथरूमला गेला तरी कोऑर्डिनेटर दारापर्यंत सोबत जातो. प्रश्न काढणाऱ्या टीमचं तोंडही आम्ही फ्लोअरवाले बघत नाही. आमच्याकडे सूत्रसंचालकांच्या स्क्रीनवरसुद्धा बरोबर उत्तर लॉक झाल्यावरच येतं. मी स्पर्धकाच्या सगळ्यात जवळ जाते, म्हणून मला तर ‘श्वास घ्या, पाणी प्या’ याच्यापलीकडे बोलायची मुभा नाही.

वेळेचा मात्र भरवसा धरू नका. भोंगा वाजतो, सूत्रसंचालक “उद्या भेटूया” म्हणतात, आणि तो ‘उद्या’ जॅकेट बदलून चहा पिऊन झाला की उगवतो. स्पर्धक त्याच कपड्यांत बसलेला. प्रेक्षकांच्या टाळ्या, ‘ओह’, चिंतातुर चेहरे यांचा काही भाग आधीच काढून ठेवलेला असतो. एसीत कुडकुडणाऱ्या माणसाला चिंतातुर दिसायला फारसं काही करावं लागत नाही, ती गोष्ट वेगळी.

संगीताबद्दल लोकांना वाटतं की ते नंतर भरतात. बऱ्याच क्विझ शोमध्ये ते फ्लोअरवर तिथल्या तिथे वाजतं. १९९८ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ज्या शोवरून आपला ‘कौन बनेगा करोडपती’ २००० साली आला, त्याचं संगीत कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅचन या बापलेकांचं. त्यातली गंमत म्हणजे पुढच्या पुढच्या प्रश्नाला संगीताची पट्टी अर्धा सूर वर चढते. पेटीवर सांगायचं तर काळी एकवरून पांढरी दोन, मग काळी दोन. बसलेल्या माणसाला कळत नाही आपला घसा का आवळतोय. एडिटरला याचा ताप होतो, कारण ते संगीत स्पर्धकाच्या माइकमध्येही उतरतं. मधलं वाक्य कापलं की सूर उडी मारतो.

एका मास्तरांना प्रश्न होता, उजनी धरण कोणत्या नदीवर. पर्याय भीमा, नीरा, सीना, माण. ते पुटपुटले, “भीमाच की.” ओठही धड हलले नाहीत, समोर बसलेल्या सूत्रसंचालकांना ऐकू गेलं नाही, मला लख्ख ऐकू आलं. मग पाऊण मिनीट विचार करून त्यांनी नीरा लॉक केलं. पुटपुटणं धरत नाहीत, लॉक केलेलं धरतात. माइक काढताना म्हणाले, “येत होतं हो मला.” मी म्हटलं, “हो सर.”

माइकने ऐकलेलं कधी कधी कोर्टातही जातं. २००१ साली इंग्लंडमधल्या त्या मूळ शोमध्ये चार्ल्स इंग्रॅम नावाच्या मेजरने दहा लाख पौंड जिंकले. मागे रांगेत बसलेला एक स्पर्धक बरोबर पर्यायावर खोकत होता असा आरोप झाला. रेकॉर्डिंगमध्ये १९२ खोकले निघाले आणि त्यातले १९ तज्ज्ञांना महत्त्वाचे वाटले. खोकणाऱ्याने अ‍ॅलर्जीचं कारण दिलं. इंग्रॅम, त्याची बायको आणि तो खोकणारा, तिघंही २००३ मध्ये दोषी ठरले. पैसे कधी मिळालेच नाहीत. मला त्या निकालापेक्षा खोकले मोजत बसलेल्या ऑडिओवाल्याचं जास्त वाटतं.

तर, कुणी जाणार असाल तर ऐका. कडक स्टार्चची कॉटन नको, ती सिल्कपेक्षा जास्त वाजते. बारीक चौकडी नको, कॅमेऱ्यात थरथरते. जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के कर आधीच कापला जातो, तेव्हा फ्लॅटचा हिशेब त्या मानाने करा. आणि सकाळी दोन इडल्या तरी खा.