वाड्याचं जोतं: आता दरजांचा रंग

माझ्या वाड्याच्या छोट्या प्रतिकृतीत जोत्याचे सगळे दगड बसले, दोन पायऱ्याही झाल्या, आणि दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायला घेतल्यात. प्रमाण 1:12, म्हणजे खऱ्या वाड्यातला एक फूट इथे एक इंच. दगड अंड्यांच्या कागदी ट्रेचे आहेत. तुकडे कापले, कडा नखाने दाबून बोथट केल्या आणि एमडीएफवर (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीवर) फेविकॉलने चिकटवले. काळा बसाल्ट असला तरी नुसता काळा रंग दिलेला नाही; राखाडीत थोडा निळा आणि थोडा तपकिरी मिसळलाय, आणि शेजारशेजारचे दगड मुद्दाम वेगळ्या छटांचे ठेवलेत. रंग वाळल्यावर मॅट वार्निशचे दोन हात. हे वार्निश टाळू नका. ट्रेचा लगदा पाणी पितो, फुगतो, आणि दरजेचा रंग एकदा त्यात मुरला की दगडाचा काळेपणा पुन्हा मिळत नाही.

आता रंगाचं. आपल्यापैकी बरेच जण दरजेला सरळ पांढरी पुट्टी वापरतात, कारण चुना पांढरा. पण जुन्या बांधकामात नुसता चुना नसायचाच. चुना मळायच्या घाणीत चुन्याबरोबर वाळू मळली जायची, बऱ्याच ठिकाणी विटांची भुकटी, म्हणजे सुरखीसुद्धा. त्यामुळे जुनी दरज मळकट सायीच्या रंगाची दिसते, कुठे किंचित विटकरी. जिथे नंतर सिमेंटने दुरुस्ती झाली आहे तिथली दरज थंड राखाडी असते आणि लगेच वेगळी कळते. दुसरं कारण प्रमाणाचं. खऱ्या भिंतीतली 12 मिलिमीटरची दरज आपल्याकडे जेमतेम 1 मिलिमीटर होते. काळ्या दगडात इतकी बारीक शुभ्र रेघ आली की डोळा आधी रेघांचं जाळं बघतो, दगड नंतर. म्हणून माझं मत पक्कं आहे: दरज खऱ्यापेक्षाही एक छटा गडद हवी.

सध्याचं मिश्रण असं: व्हाइट सिमेंटची पुट्टी दहा चमचे, सुरखी दोन चमचे, पेवडी (पिवळ्या मातीचा रंग) अर्धा चमचा, काळं ऑक्साइड एक चिमूट. सुरखी घरचीच. फुटक्या कुंडीचा तुकडा खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ केला. फरशीसाठी मिळणारं लाल ऑक्साइड वापरता येतं, पण ते फार जोरकस. जराशाने सगळं गुलाबी होतं. सुरखी रंग हळू चढवते आणि वर चुन्याच्या गिलाव्यासारखा बारीक कणही देते, जो नुसत्या रंगाने येत नाही. काजळी मात्र नको. ती पाण्यावर तरंगते, नीट मिसळत नाही आणि मग दरजेत काळे फराटे उमटतात. सिमेंट अल्कलीयुक्त असल्यामुळे लोहाची ऑक्साइडं आणि पेवडीसारखे मातीचे रंग त्यात चांगले टिकतात. ते कोरडेच पुट्टीत एकजीव करायचे, पाणी शेवटी.

ओल्या मिश्रणावरून छटा ठरवू नका. बारीक छिद्रांत पाणी असेपर्यंत रंग गडद दिसतो, वाळला की बराच उजळतो. उरलेल्या ट्रेच्या तुकड्यांवर नमुने करून पूर्ण वाळू द्या, मागे चमच्यांचं प्रमाण लिहून ठेवा, आणि घरात नव्हे तर दिवसाच्या उजेडात भिंतीला लावून बघा. दरज आधी पांढरी भरून मग वरून ॲक्रिलिक फिरवण्याची पद्धत मला पटत नाही. रंग दगडांच्या कडांवर ओघळतो, आणि जरा टवका उडाला की आतला पांढरा डोकावतो.

भरायला सर्वांत उत्तम साधन म्हणजे मेंदीचा रिकामा कोन. टोक बारीक कापायचं, मिश्रण दह्याइतकं घट्ट ठेवायचं. वस्त्रगाळ केलेली सुरखी इथे उपयोगी पडते; जाड कण असला तर टोक लगेच तुंबतं. एका वेळी तळहाताएवढाच भाग भरते, टूथपिकने दाबते, आणि मिश्रण जरा आळलं की पिळून घेतलेला स्पंज तिरका फिरवते. दरजेच्या दिशेने फिरवला तर तो मिश्रण उकरून काढतो. स्पंजात पाणी जास्त राहिलं तर वाळल्यावर दगडांवर पांढुरका थर चढतो, म्हणून दर वेळी धुऊन घट्ट पिळायचा.

जमिनीलगतच्या दोन थरांत रंग वेगळा ठेवलाय. पावसाचं पाणी उडून जोतं तिथे काळवंडतं, म्हणून पातळ तपकिरी रंग फक्त दरजांत सोडला आणि पन्हळीखालच्या कोपऱ्यात शेवाळी हिरवा. त्याच्या वर, ओल चढून थांबते तिथे, कोरड्या ब्रशने पांढऱ्या खडूची भुकटी टिपून लोणा, म्हणजे ओलीने भिंतीवर येणारा क्षारांचा पांढरा थर, दाखवलाय. लोणा सलग पट्ट्यासारखा नको, तुटक हवा.

पुढचं काम वरच्या विटांचं. शनिवारवाड्याच्या तटासारखंच खाली दगड, वर वीट. तिथे हेच मिश्रण चालणार नाही, कारण विटेच्या लालीत सुरखीची दरज बुडून जाईल. सुरखी अर्ध्यावर आणून पेवडी थोडी वाढवलेले नमुने गच्चीत वाळत घातलेत.