तुम्ही विचारलंत म्हणून: महागडं घड्याळ घ्यावं का?

मी घड्याळजीची मुलगी. मिरजेत बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, हे बँकेतल्या सहकाऱ्यांना कळल्यापासून वर्षातून दोन-तीनदा तरी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, महागड्या घड्याळात खरंच काही अर्थ असतो का हो?" विचारणारा बहुतेक वेळा पन्नाशी ओलांडलेला. घराचं कर्ज फिटलेलं, मुलगी नोकरीला लागलेली, आणि घड्याळ मनात केव्हाच पक्कं झालेलं. त्याला हवं असतं ते बायकोला सांगण्यापुरतं एखादं कारण. ते माझ्याकडे नाही. माझ्याकडे जे आहे ते एकदाच लिहून ठेवते.

बिनचूक वेळेसाठी घेत असाल तर घेऊ नका. स्वित्झर्लंडमध्ये यांत्रिक घड्याळांना क्रोनोमीटरचं, म्हणजे वेळ नेमकी दाखवत असल्याचं, प्रमाणपत्र मिळतं, त्या परीक्षेत दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढी चूक माफ असते. रस्त्यावर मिळणारं सेलचं साधं घड्याळ महिन्याभरात पंधरा-वीस सेकंद चुकतं. बाबांच्या स्वतःच्या मनगटावर कायम असलंच एक स्वस्तातलं क्वार्ट्झ असायचं. दुसऱ्यांची घड्याळं लावून द्यायची तर आपलं बरोबर हवं, एवढाच त्यांचा हिशोब. तरी रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या टिक-टिकवर ते त्यालाही तपासायचे. गंमत म्हणजे 25 डिसेंबर 1969 रोजी जपानमध्ये सेइकोचं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ आलं, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती, म्हणजे एका लहान मोटारीएवढी. बिनचूक वेळ तेव्हा श्रीमंतांची होती. आता चुकणारी वेळ श्रीमंतांची आहे.

गुंतवणूक म्हणून घेत असाल तर त्याहून घेऊ नका. हे म्हटलं की समोरचा पॉल न्यूमनचं नाव काढतो. त्या नटाचं रोलेक्स डेटोना 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं, हे खरं. पण ते त्याच्या मनगटावरचं, बायकोने मागे "गाडी जपून चालव" अशा अर्थाचं कोरून दिलेलं. तुमच्या-माझ्या मनगटाला तो भाव नाही. 2022 च्या सुरुवातीला जुन्या घड्याळांचे भाव टिपेला गेले होते आणि मग घसरले. तेव्हा "आता घेतलं नाही तर कधीच मिळणार नाही" म्हणणारे आज विषय बदलतात. आणि एक बँकवालीचा सल्ला: 10 लाखांच्या वरच्या घड्याळावर 2025 पासून 1 टक्का टीसीएस (दुकानदार विक्रीच्या वेळीच घेतो तो आयकर) कापला जातो, तो विवरणपत्रात दाखवायला विसरू नका.

मग राहतं काय? राहतं ते यंत्र. आणि त्याच्याविषयी मला खरोखर आदर आहे. हल्लीचं बरंचसं यांत्रिक घड्याळ तासाला 28,800 ठोके देतं, म्हणजे दिवसाला 6,91,200. सेल नाही, चिप नाही. एक गुंडाळलेली स्प्रिंग, चार-पाच चाकं आणि केसाएवढी बारीक दुसरी स्प्रिंग. मिरजेत सतार-तंबोऱ्यांचे कारागीर कानाने काम करतात, तसे बाबाही आधी घड्याळ कानाला लावायचे आणि मगच पाठ उघडायचे. "लंगडतंय," म्हणायचे. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नाही, असा त्याचा अर्थ.

त्यांच्याकडे यायची ती बहुतेक एचएमटीच. 1961 साली जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळुरूत सुरू झालेल्या त्या सरकारी कारखान्याची जनता, पायलट, कांचन. एकेकाळी लग्नात जावयाला कांचन मिळालं की मानपान झाला असं धरत. 2016 मध्ये घड्याळांचा तो कारखाना बंद झाला. तरीही आज एखादं जनता बिघडलं तर सुटे भाग कुणा ना कुणा घड्याळजीच्या डबीत निघतात आणि ते कुणीही बसवू शकतो. उलट, मोठ्या स्विस कंपन्यांपैकी कित्येकांचे भाग गल्लीतल्या घड्याळजीला मिळतच नाहीत. कंपनीने मान्यता दिलेल्या केंद्राकडेच जावं लागतं. माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. जनताचा मालक खरंच मालक होता. लाखांचं घड्याळ घेणारा मला कधीकधी कुळासारखा वाटतो: जमीन कसायची त्याने, सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

हे ऐकीव नाही. 2017 साली बढती मिळाली तेव्हा मीही सत्तर हजारांचं एक स्विस ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं घड्याळ घेतलं. (हो, सल्ले देणारी मीच.) तीन वर्षांनी ते दिवसाला सहा-सात मिनिटं पुढे पळू लागलं. सर्व्हिस सेंटरने काउंटरवरच सांगितलं: पूर्ण ओव्हरहॉल, साडेअठरा हजार, आठ आठवडे. मी घड्याळ परत घेऊन मिरजेला गेले. बाबांनी ते कानाला लावलं, मग ड्रॉवरमधून एक लहानसं होकायंत्र काढून घड्याळाजवळ धरलं. सुई थरथरली. "रात्री कुठे ठेवतेस?" "पर्समध्ये." त्या पर्सचं झाकण लोहचुंबकाने मिटणारं. आतल्या बारीक स्प्रिंगची वेटोळी चुंबकामुळे एकमेकांना चिकटली होती, स्प्रिंग जणू आखूड झाली होती, म्हणून घड्याळ धावत होतं. बाबांनी चुंबकत्व उतरवणाऱ्या एका पेटीवर घड्याळ धरलं, बटण दाबलं आणि हळूहळू हात वर उचलला. झालं. पैसे विचारले तर म्हणाले, चहा कर.

ते घड्याळ मी अजून घालते. कणीक मळतानाच तेवढं काढते. काचेच्या कडेला ओरखडा आहे, लोकलच्या दाराचा. तो पडला त्या दिवशी फार वाईट वाटलं नाही, तेव्हा कळलं की सत्तर हजार ही माझी हद्द बरोबर होती. दोन लाखांचं असतं तर मी लोकलमध्ये हात खिशात घालून उभी राहिले असते.

गेल्या जूनमध्ये आमच्या शाखेतले एक गृहस्थ घरी आले. सव्वाचार लाखांचं ऑटोमॅटिक ठरलेलं, मोबाइलवर फोटो. बाबा आता आमच्याकडेच असतात. त्यांनी चष्मा वर करून फोटो नीट पाहिला, "सुरेख आहे," म्हणाले, आणि मला विचारलेला तोच प्रश्न त्यांनाही विचारला.

"रात्री काढून कुठे ठेवणार?"

"कपाटात. म्हणजे... एवढं महाग, तर बँकेच्या लॉकरमध्येच ठेवावं लागेल. लग्नकार्याला काढायचं."

"मग दोन दिवसांत बंदच पडणार की ते," बाबा म्हणाले, आणि पेपर पुन्हा उघडला.