अर्धी सही फोटोवर, अर्धी कागदावर

चार वर्षं होऊन गेली, तरी फॉर्म १-अ म्हटलं की माझं डोकं फिरतं. गाडीच्या लायसन्सचं नूतनीकरण होतं, माझं वय तेव्हा ६७. चाळिशी उलटली की मेडिकल सर्टिफिकेट लागतं, ते या फॉर्मवर.

‘सारथी’ या सरकारी वेबसाइटवरचा अर्ज नातीने चहा निवेपर्यंत भरून टाकला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आमच्या डॉक्टरांनी तपासणी मात्र मनापासून केली. लाल-हिरवा ओळखून घेतला, कान पाहिले. २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता यायला हवी, म्हणून खिडकीशी उभं केलं. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी मी त्या टोकाच्या स्कूटरचा नंबर घडाघडा वाचला. (कंपाउंडर खाली जाऊन ताडून आला!) डॉक्टरांनी खाली सही-शिक्का दिला. फोटो मी घरी येऊन डिंकाने चिकटवला. इथेच माती खाल्ली.

आरटीओत दीड तास रांगेत उभा राहिल्यावर खिडकीतून आवाज आला, “काका, फोटोवर सही कुठाय?” फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: डॉक्टरांची सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर आली पाहिजे. परत दवाखाना. डॉक्टरांनी बॉलपेनने सही केली, ती गुळगुळीत फोटोवर उमटेचना. गिरवून गिरवून माझ्या गालावर ओरखडा उठला. परत रांग. “काका, ही सगळी फोटोवरच आहे. कागदावर कुठे आलीय?” मी म्हटलं, “अहो, माणूस तोच आहे ना?” त्यांनी पुढच्याला हाक मारली.

तिसऱ्या खेपेला नवा फॉर्म, फोटो आधीच चिकटवलेला, आणि खिशात मार्कर. सही माझ्या कानावरून निघून थेट समासात गेली. दोन मिनिटांत काम झालं. डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर असलेला शिक्का आहे ना, हेही दवाखान्यातच बघून घ्या.

आणि हो, मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. पूर्वी मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असायची, ती मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीत गेली. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट. पंचावन्ननंतर लायसन्स मिळतं पाचच वर्षांचं, म्हणजे माझी पाळी आलीच. आता बऱ्याच ठिकाणी डॉक्टरच सर्टिफिकेट ऑनलाइन चढवतात म्हणे. असेल. मी त्या तिसऱ्या फॉर्मची झेरॉक्स, कानावरच्या सहीसकट, फाइलीत जपून ठेवली आहे. मार्करही.